खेळ वाचणारे ग्रंथपाल

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत, तुमच्या तिकडच्या वाचनालयात आता व्हिडिओ गेमही घरी न्यायला मिळतात. आमच्या महाडात ते तुमच्या जन्माआधीपासून मिळत होते. ज्यांनी ते जमवले, ते ग्रंथपाल गेल्या महिन्यात वारले, म्हणून आज मी लिहायला बसले.

"अजून वाचून झालं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतः वाचल्याशिवाय पुस्तक दाखल करायचं नाही, हा त्यांचा नियम. मे महिन्यात गावी येणारे मुंबईकर आपल्या मुलांच्या जुन्या गेमच्या कॅसेटी वाचनालयाला देऊन जात. त्या कॅसेटींनाही तोच नियम. दुपारच्या सुट्टीत गृहस्थ चष्मा सावरून टीव्हीपुढे बसत आणि गेममधल्या पहिल्याच खड्ड्यात पडत. एकेक कॅसेट महिनोन्‌महिने अडकून राही.

पोलादपूरच्या वरच्या वाडीतली एक मुलगी शाळेसाठी इथे मावशीकडे राहायची. ती वैतागे. "काका, तुमाला नाय जमत! द्या इकडं, मी दाखवते."

"वाचनात घाई करू नये, बाळ."

"ह्ये काय वाचन हाय?"

हाच प्रश्न कार्यकारी मंडळालाही पडला. अध्यक्ष कडाडले, "वाचनालय आहे की जत्रेतला तंबू? काढा ते गेम!" शेवटी मी पाहून अहवाल द्यावा असं ठरलं, कारण गेम इंग्रजीत, आणि मी मंडळावर होते, शाळेत इंग्रजी शिकवलेलं. खरं सांगते, 'काढावेत' हे मनात ठरवूनच गेले.

पडद्यावर निळ्या पाण्यात एक होडी उभी होती. पुढे जायचा बाण लुकलुकत होता. ग्रंथपाल पुढे जात नव्हते.

"अडकलात का?"

"नाही बाई. मुलं इथून सुसाट जातात. थांबलं तर काय होतं, ते कुणी पाहिलेलंच नाही. बसा."

बसले. होडी डुलत राहिली. आभाळ हळूहळू केशरी झालं, मग जांभळं. कुठूनसे चौकोनी पक्षी आले आणि पाण्यावर उतरले. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि आम्ही दोघं पडद्यावरच्या त्या संध्याकाळी बसलो होतो.

"राहतील का हो?" पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं. "गेले तर ती वाडीवरची पोर यायची नाही. गेमसाठी येते, पण जाताना एक पुस्तक नेते."

मी अहवालात लिहिलं: 'स्वतः पाहिले. ठेवावेत.' अध्यक्षांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली.

त्यानंतर पुराचं पाणी दोनदा वाचनालयात शिरलं. कॅसेटी अजून तिथेच आहेत. त्यांतल्या चार चालतात.