वलांडीवर वाळत घातलेली जीप

या, जवळ सरका. उंबऱ्यावर एक पाय ठेवून ऐकणार असाल तर मी सांगायचीच नाही. तुमचं हे नेहमीचंच! अर्धी गोष्ट ऐकायची आणि उरलेली गावभर मनाने सांगत सुटायची. बसा नीट. गोष्ट आमच्या विहीणबाईंची आहे, आणि तुम्हाला आधीच सांगून ठेवते: या अख्ख्या किनाऱ्यावर, उरणपासून पार खाली मुरूडपर्यंत, जीपगाडीखाली झोपून विहिणीचं स्वागत करणारी बाई एकच. ती माझ्या लेकीची सासू.

रेवसच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी त्यांचं घर. मी पालीहून पहिल्यांदाच राहायला गेले होते. नव्या विहिणीकडे जायचं म्हणून ठेवणीतलं पातळ, हातात लाडवांचा डबा. अंगणात पाहते तर गंजलेली जीप आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय, त्यात चांदीची जोडवी नाहीत पण काळं ऑईल मात्र भरपूर. गाडीखालूनच आवाज आला, "बसा विहीणबाय! एवढा बोल्ट निघू द्या, की चाय ठेवते." बोल्ट दुपारी निघाला. चहा शेवटी मीच केला, आणि त्यांचा कप गाडीखाली सरकवला.

बरं, या काही जन्मापासूनच्या मेकॅनिक नव्हेत हो. तोवर त्यांनी शिवणयंत्रालाही तेल घातलं नव्हतं. ती जीप होती त्यांच्या यजमानांची. लष्कराच्या लिलावातली, चारी चाकांनी ओढणारी. ओहोटीला ओल्या वाळूत थेट होड्यांपर्यंत जायची आणि म्हावऱ्याच्या, म्हणजे मासळीच्या, पाट्या आणि पाटीवाल्या बायका भरून बाजाराला न्यायची. यजमान गेले आणि गाडी शेवग्याखाली जी बसली ती बसलीच. तिच्या मागच्या हौदात कोंबड्या अंडी घालू लागल्या. जावईबापू उरणला कंटेनरच्या धंद्यात, त्यांना शेवग्याखाली स्वतःची गाडी लावायला जागा हवी होती. ते म्हणाले, "आये, भंगारवाल्याला बोलावतो." तेव्हा या बाई पदर खोचून म्हणाल्या, "माघी चतुर्थीला ही गाडी पालीला गणपतीच्या दारात उभी करते. न्हाय पोचली, तर ने तुझ्या भंगारवाल्याला. मी डोळं मिटून बसंन."

पालीच का, ते मला लेकीने सांगितलं. यजमान दर वर्षी म्हणायचे, यंदा तुला जत्रेला नेतो. आणि दर वर्षी जत्रेच्या दिवशी गाडीला भाडं लागायचं. जीपमधून गाव पाली करून आलं, घरची बाई राहिली. कधी बाजारापर्यंत गेल्याच, तर मागे पाट्यांत उभ्या. पुढची सीट कुणा म्हाताऱ्याला, कुणा बाळंतिणीला.

झालं! गावातल्या गॅरेजवाल्याने हात जोडले, मग बाईंनी फोनवर कुणा पंजाबी माणसाचे व्हिडिओ लावले. तो हिंदीत सांगणार, या आगरी बोलीत त्याच्याशी भांडणार: "अरं, दाखव ना नीट, बोट बाजूला घे तुजं!" गंजलेले बोल्ट रॉकेलमध्ये मुरत घातले, आणि घरात फोडणीला कोणती वाटी घ्यायची याची लेकीला धास्ती पडली. भागांची नावं काही तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी ती म्हावऱ्यावरून पाडली. रबरी नळी ती सापासारखी लांब वाम. बेअरिंग त्या शिंपल्यातल्या तिसऱ्या. आणि कार्बोरेटर म्हणजे खेकडा, "आत कप्पेच कप्पे, आनि हाताला लागतं चमचाभर." अलिबागच्या दुकानात जाऊन यांनी गंभीरपणे "खेकड्याचं रबर" मागितलेलं मी स्वतः ऐकलंय.

पण बाईंची खरी अक्कल पुढेच आहे. सुटे केलेले भाग ठेवायचे कुठे आणि कोणता कुठला हे लक्षात कसं राहायचं? अंगणात बोंबील वाळवायची वलांडी होती, बांबूंना दोऱ्या बांधलेली. निघालेला प्रत्येक भाग धुवायचा, तेल चोपडायचं, त्याच्या नट-बोल्टांसकट जुन्या लुगड्या-पोलक्यांच्या वेगवेगळ्या फडक्यात गाठ मारायची आणि वलांडीवर टांगायची. पहिला निघाला तो समुद्राकडच्या टोकाला, शेवटचा घराकडच्या. जोडताना घराकडून सुरुवात करत समुद्राकडे जायचं. चुकायला वावच नाही! एका दोरीवर बोंबील, दुसऱ्या दोरीवर जीप. मी कौतुकाने बघत राहिले. शाळेची पायरी न चढलेली मी, पण एवढं सरळ पुस्तक मी दुसरं पाहिलं नाही.

आणि मग पौषात, ध्यानीमनी नसताना, आभाळ आलं.

आम्ही दोघी तेव्हा अलिबागला, त्या खेकड्याच्या रबरासाठी. आता त्या किनाऱ्याची रीत तुम्हाला ठाऊक हवी. आभाळ भरलं की वाळवण कुणाचं ते कुणी विचारत नाही. जी बाई जवळ असेल ती धावते आणि हाताला येईल ते उचलून घरात टाकते. आम्ही रिक्षातून उतरलो तर आळीतल्या साऱ्या बायका ओटीवर विजयी चेहऱ्याने उभ्या. सगळ्यात पुढची म्हणाली, "काकी, एक थेंब लागू दिला न्हाय बघ!" ओटीवर पाट्या भरलेल्या. त्यात बोंबील, त्यात गाठोडी, त्यात निसटलेले स्प्रिंग आणि बोंबलाच्या तोंडात अडकलेला एक वॉशर. जीपचं कालवण झालं होतं.

विहीणबाई खांबाला टेकून खाली बसल्या. चतुर्थी तोंडावर आलेली. रागवायचं तरी कुणावर? उद्या दुसऱ्या कुणाचं वाळवण भिजताना दिसलं तर त्या स्वतःच पहिल्या धावतील. जावईबापू मऊ आवाजात म्हणाले, "राहू दे आये. आता नको जिवाला त्रास." त्यापेक्षा रागावले असते तर बरं वाटलं असतं.

विहीणबाईंनी एक गाठोडं उचललं, फडकं चाचपलं आणि एकदम विचारलं, "ह्यो हिरवा काठ कुनी उचलला?"

"मी," एक म्हणाली. "विहिरीकडचा बांबू. तुज्या पोराच्या साखरपुड्याचं लुगडं ना ते? जीव तुटला माजा, त्याची फडकी केलीस ती!"

"आनि त्याच्या बाजूला?"

"फुलाफुलाचं पोलकं."

"खोटं बोलतेस! पोलकं मी काढलं. ते घराकडं होतं."

"तुला काय दिसतंय गं? काल मिठाऐवजी साखर टाकलीस कालवणात!"

आणि मग जी जुंपली! मोटारीतलं एकीला कळत नव्हतं, पण कुणाचं लुगडं, कधी घेतलं, कुठल्या लग्नात नेसलं, हे प्रत्येकीला तोंडपाठ. पावसाची सर ओसरली होती; विहीणबाई मोकळ्या वलांडीपुढे उभ्या, बायका भांडत एकेक गाठोडं टांगताहेत, मध्येच जुन्या लग्नातलं कुणाचं जेवण खारट झालं होतं तेही निघतंय. दिवे लागायच्या आत समुद्रापासून घरापर्यंत सगळी जीप जागच्या जागी लटकली. फक्त एक नट उरला. तो कुठला, आजतागायत कळलेलं नाही. विहीणबाईंनी तो देव्हाऱ्यात गणपतीपुढे ठेवला. "ह्याचा ह्यो बघंल."

जीप जोडून झाली त्या दिवशी याच बायकांनी ती वाळूच्या उतारावर ढकलली. एकदा खोकली, दोनदा खोकली, काळा धूर सोडला आणि काय गरजली म्हणता! कोंबड्या माडावर चढायच्या बाकी राहिल्या. जावईबापू स्टिअरिंगवर, आणि डोळे आमच्यासारखेच ओले.

चतुर्थीला मी पालीला सकाळपासून आमच्या दारात उभी. पोयनाड, वडखळ, नागोठणे. मनातल्या मनात मीच गाडी चालवत होते. आधी आवाज ऐकू आला, मग ती दिसली. मागे आळीतल्या बायका गात होत्या, आणि पुढच्या सीटवर, गाडी चालवणाऱ्या जावईबापूंशेजारी, ताठ, नाकात नथ, विहीणबाई. उतरेचनात. मी जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, "विहीणबाय, हितनं रस्ता येगळाच दिसतो वो. समदा आपल्याकडंच येतो."

दर्शन झालं. परत निघताना मलाही चार दिवस राहायला चला म्हणाल्या, आणि मला पुढे बसवून स्वतः मागे चढल्या. मी म्हटलं, "अहो, हे काय? तुमची जागा ती!"

"बसून बघितलं ना एकदा. पुरे," हौदात बायकांत उभ्या राहत त्या म्हणाल्या. मग बराच वेळ टपाच्या दांडीवर हात फिरवत राहिल्या. "ते मला पुढं का न्हाय बसवायचे, त्याचा लई राग होता. आता कळलं. पुढं पाव्हण्याला बसवायचं. घरचं मानूस मागं उभं ऱ्हातं."

गाडी सुरू झाली. रस्ता खरंच सगळा माझ्याकडे येत होता, पण मला तो धड दिसेना.

तेव्हा तुम्ही आता न यायची कारणं सांगू नका. रेवसच्या धक्क्याला उतरा, कुणालाही विचारा, जीपवाल्या काकी कुठे राहतात. पुढची सीट पुसून ठेवलेली असते. मीही हल्ली तिकडेच असते बऱ्याचदा, मागे, पाट्यांत. लवकर या, गाडीला वय झालंय, आणि आम्हालाही.