लाभाचा कुडव

धान मोजताना कोणी पहिल्या मापाला "लाभ" म्हटलं, की ती घटना आजही आठवते आणि माझा उजवा हात आपोआप खिशात जातो. आता निवृत्त झालो आहे, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून सगळं सांगतो.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून डाक बघत होतो. तेवढ्यात दोन भारदस्त गृहस्थ एका ट्रॅक्टरवाल्याला मधे घेऊन आत आले. एक होते एकोडीचे शेतकरी, दुसरे शहापूरचे त्यांचे जावई, म्हणजे बहिणीचे यजमान. जावयांच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. मामाने भाचीच्या लग्नघरी दहा खंडी धान पाठवलं होतं, पण शहापूरला ते साडेनऊ खंडीच भरलं. आमच्याकडे धान मोजायचं माप म्हणजे कुडव, आणि वीस कुडवांची एक खंडी. म्हणजे दहा कुडव धान वाटेत नाहीसं झालं होतं, आणि वाटेत होता फक्त हा ट्रॅक्टरवाला.

"पोती काट्यावर का नाही घातली?" मी विचारलं.

मामा एकदम दुखावले. "सोयऱ्याच्या घरी काटा लावते का कोणी, साहेब? काटा बाजारात. घरचं धान कुडोनंच मोजते."

सरकारने किलो आणून किती काळ लोटला, पण नात्यागोत्यात अजून कुडवाचंच राज्य होतं. मी वजनमापे निरीक्षकांना फोन लावला. ते हसून म्हणाले, "साहेब, कुडवावर आमचा शिक्काच नसतो. त्याचं खरंखोटं त्या गावालाच विचारा."

तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि गुन्हा दाखल करण्याआधी चौकशी सुरू केली. ट्रॅक्टरवाला सांगत होता, "अठरा पोते भरले, अठराच उतरवले जी. एका पोत्याची सुतळी सुटली नाही. रस्त्यात कुठंच थांबलो नाही."

दुपारी खबऱ्याचा फोन आला. साकोलीला एका राईस मिलच्या मागे हाच ट्रॅक्टर दोन तास उभा होता. झालं! माझ्या दृष्टीने केस संपली. मी ट्रॅक्टरवाल्याला समोर उभं केलं.

"थांबला नव्हतास ना?"

"नाही जी."

मी दोन झापडा ठेवून दिल्या. तो गाल धरून खाली बसला आणि रडतच म्हणाला, "टायर पंचर झालतं जी. लग्नघरी उशीर केला म्हणून बोलतीन, म्हणून नाही सांगतलं. मले चोर नका ठरवू, साहेब. लोकाइचं धान वाहूनच घर चालते माह्यं. उद्या कोण माल भरन माह्या ट्रॉलीत?"

मिलच्या मागच्या पंक्चरवाल्याकडे हवालदाराला पाठवलं. टायर काढल्याचं, जोडल्याचं त्याने सांगितलं. पोत्यांना कोणी हात लावला नव्हता.

खोटं बोलणारा माणूस घाबरलेलाही असू शकतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला नव्याने कळावं, याची लाज वाटली. दुसरी गोष्टही आता दिसू लागली. ट्रॅक्टरवाला चोर नसेल, तर मामा किंवा जावई यांपैकी एक जण खोटा ठरत होता. लग्न तोंडावर आणि मधे ती बहीण. म्हणून ट्रॅक्टरवाला चोर असणं दोन्ही घरांच्या सोयीचं होतं. खरं सांगायचं तर माझ्याही सोयीचं होतं.

मला वाटलं, दोन गावांची मापंच लहानमोठी असतील. दुसऱ्या दिवशी दोन्ही कुडव मागवले. एकातलं धान दुसऱ्यात ओतलं, तर काठोकाठ बसलं. दाणा कमी नाही, दाणा जास्त नाही. मी डोक्याला हात लावला. पण आता कुतूहल स्वस्थ बसू देईना. दोन्हीकडच्या मोजणाऱ्यांनाही बोलावून घेतलं. दोघेही सत्तरीच्या पलीकडचे. मामा, जावई आणि ट्रॅक्टरवाला यांना समोर बसवलं, ठाण्याच्या आवारात ताडपत्री अंथरली, धानाची रास केली आणि म्हटलं, "बाबाजी, तुम्ही घरी मोजता तसंच एक-एक खंडी मोजून दाखवा."

एकोडीचे म्हातारे बसले. माप भरलं, तळव्याने सपाट केलं, ओतलं. "लाभ, लाभ, लाभ." दुसरं ओतलं. "दोन, दोन, दोन." पुढचं माप पडेपर्यंत ते आकडा तोंडात घोळवत ठेवत. हवालदार प्रत्येक मापाला खडूने रेघ ओढत होता. वीस म्हणाले, तेव्हा रेघा वीस.

मग शहापूरचे बसले. "लाभ, लाभ, लाभ." दुसरं माप ओतलं आणि म्हणाले, "एक, एक, एक."

वीस म्हणाले, तेव्हा रेघा एकवीस होत्या.

"बाबाजी, तो पहिला कुडव?"

"तो लाभाचा, साहेब. देवाचं नाव. त्याले मोजाचं नसते."

एकोडीचे उसळले. "नसते काहून? लाभ म्हणजेच पहिला! माह्या बापानं असंच मोजलं."

"माह्याही बापानं असंच मोजलं!"

हिशेब आता सरळ होता. एकोडीहून निघाले दोनशे कुडव. एकवीसची खंडी धरली की नऊ खंड्या भरतात आणि अकरा कुडव उरतात. त्यातला पहिला पुन्हा लाभाचा, म्हणजे राहिले दहा. साडेनऊ खंडी! शहापूरच्या त्या घरी देताना आणि घेतानाही तसंच मोजत, म्हणून आजवर कोणाचं बिघडलं नव्हतं. धान परगावाहून आलं आणि बिघडलं. पंचनाम्यात मी रस्ता मीटरने मोजायचो, माल किलोने लिहायचो. पण मोजायला सुरुवात कुठून करायची, हेही आधी ठरावं लागतं, हे मला त्या दोन म्हाताऱ्यांनी शिकवलं.

जावई उठले आणि मामांच्या पाया पडले. आत येऊन, अर्ज गैरसमजातून दिल्याचं लिहून घेतलं आणि तो निकाली काढला. मी ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, "जा बाबा, तुझ्यावर काही नाही."

तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. गालावरची सूज अजून उतरली नव्हती.

"साहेब, एक विचारू? तुमी मले झापडा मारल्या, त्या किती धराच्या? पहिली लाभाची सोडून एक, का दोन?"

हवालदार हसायला गेला आणि माझं तोंड बघून थांबला.

"दोन," मी म्हणालो. "दोन्ही मोजायच्या."

मग खुर्चीवरून उठून, सगळ्या ठाण्यासमोर, त्याला हात जोडले. त्याने उलटून नमस्कार केला नाही. नुसती मान हलवली आणि ट्रॅक्टर सुरू केला. पुढे जितकी वर्षं नोकरी केली, तितकी वर्षं चौकशीला बसताना मी उजवा हात खिशात ठेवला.