मागची सीट

धरमपेठेतल्या शाळेत शिकवायला जाताना तो म्हातारा ड्रायव्हर मला रोज वाटेवरच्या त्याच्या घराच्या ओसरीवर दिसायचा. जन्मभर त्यानं एका मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, मोटार चालवली होती. मालगुजारी गेली, मोटारही विकली गेली, आणि हा तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून हुबेहूब तीच मोटार वीतभर आकारात घडवत बसला. दारं उघडायची, स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळायची. पत्रा कापताना कात्रीबरोबर त्याचे ओठही हलायचे. मला वाटायचं, काय हा नाद!

रंग वाळला त्या दिवशी तो मागच्या खिडक्यांना पडदे लावत होता, लुगड्याच्या लाल काठाचे. बायको दारात तांदूळ निवडत होती.

"मालकांच्या मोटारीलाही असेच होते?" मी विचारलं.

"नाही बाई, ते पांढरे होते. हा हिच्या लुगड्याचा काठ हाये. सोयऱ्यायले वाटे, नवरा मोटार चालवते म्हणजे ही मोटारीत फिरत असंल. पण मालकाची गाडी, हिले कशी बसवू?"

मग मागचं दार उघडून तो बायकोला म्हणाला, "ये वं, बस."

ती लाजली. पदराला हात पुसून तिनं करंगळी अलगद मागच्या सीटवर टेकवली.

त्यानं तोंडानंच भोंगा वाजवला.