पेवातली आत्या

आमच्या घराण्याला गावात एक काम ठरलेलं होतं. दुसऱ्याच्या पेवात आधी उतरायचं. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं आणि पोट खोलीएवढं. वर्षभर बंद राहिलेल्या पेवात हवा कुजते. ती कुजली आहे की नाही, हे आमच्या माणसानं खाली उतरून बघायचं. माणूस वर आला की हवा चांगली. माझे आजोबा वर आले नाहीत. मालकानं पायलीभर ज्वारी घरी पाठवली आणि विषय संपला.

आम्ही ख्रिस्ती होऊन तेव्हा एक पिढी उलटली होती. प्रार्थना बदलली होती, काम तेच होतं.

माझी आत्या तेव्हा लहान होती. त्या दिवशी तिनं जे धरलं ते मरेपर्यंत सोडलं नाही. "आधी दिवा, मग मानूस." दोरीला कंदील बांधून पेवात सोडायचा, विझला तर थांबायचं. हे गावाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कंदिलाला रॉकेल लागतं, आमच्या माणसाला लागत नसे.

पुढे हा कंदील ती सगळीकडे सोडू लागली. कुणी सोयरीक आणली की विचारायची, "पोराच्या घरात दिवा सोडून बगितला का?" मतं मागायला आलेला एक पुढारी अंगणात तासभर बोलला. तो गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "इजला आसता."

कोल्हारला आमच्या वस्तीत एक जर्मन फादर होते. त्यांचं घराणं तिकडे ऱ्हाईन नदीच्या काठी पिढ्यानपिढ्या पांढऱ्या द्राक्षांची वाइन करणारं. भिंतीवर त्यांनी एक फोटो लावला होता: उभा डोंगर, त्यावर वेलींच्या रांगा, पायथ्याला दगडी घर आणि घरापुढे सगळे भाऊ. घर सोडून जाणाऱ्याला त्या घरात वेलीची एक काडी देत. फादरांनी ती काडी प्रवरेच्या वरच्या मुरमाड चढावर लावली, आणि तिच्यापासून मळा उभा केला. जमीन मिशननं त्याच मालकाकडून घेतली होती आणि आजोबा गेले ते पेवही तिच्यातच होतं.

आत्या तेव्हा विधवा होऊन माहेरी आलेली. वेलींना पाणी घालता घालता ती छाटणी शिकली, रस काढायला शिकली. वाइन ठेवायला गार तळघर हवं म्हणून फादर खणायला निघाले, तेव्हा तिनं त्यांना पेवाकडं नेलं.

"हितं ठिवा," ती म्हणाली. "माज्या बापाला घेतलंय ह्यानं. आता काय देतंय बगू."

मग माझे वडील, आई आणि आत्या असं आमचं सगळं घरच त्या कामाला लागलं. चिनीमातीच्या मोठ्या बरण्या दोरानं पेवात सोडायच्या. रस फसफसत असे तेव्हा आत्या बरणीला कान लावून बसे. "बोलतीय आजून," म्हणे. बोलणं थांबलं की झाकण पक्कं. फादर पुस्तकी मराठीत बजावत, "बाई, साखर घालणे म्हणजे खोटे बोलणे." पाण्याचा थेंबही त्यांना चालत नसे.

एवढी वाइन केली, पण आत्यानं ती कधी चाखली नाही. त्या काळी मिस्साला, म्हणजे देवळातल्या प्रभुभोजनाच्या उपासनेला, आम्हा लोकांना फक्त भाकर मिळे. वाइनचा पेला एकटे फादर घेत. चव बघ म्हणून त्यांनी आग्रह केला, तर म्हणाली, "पेला तुमी एकलेच पिता. मंग चवीचं बी तुमीच बगा." फादर खूप हसले. वेशीतला एकजण तिला दारूवाली म्हणाला, त्याला मात्र तिनं चारचौघांत सुनावलं, "करती मी आन् पडतोस तू. आसं कसं रं?"

दुसरं महायुद्ध पेटलं आणि जर्मन म्हणून फादरांना धरून नगरच्या छावणीत नेलं. जाताना त्यांनी छाटणीची कात्री आत्याच्या हातात दिली. "कापत राहा, बाई. नाही कापली तर वेल नुसतीच वाढते."

लोक म्हणू लागले, शत्रूची वेल आहे, उपटा. आत्या कात्री घेऊन बांधावर बसली. "आमच्या पान्यावर वाडली ती जर्मन कशी? उपटायची आसंल त्यानं पुढं यावं." पुढे कुणी आलं नाही.

पुढे जहाजं थांबली आणि मिस्साची विलायती वाइन यायची बंद झाली. नवे फादर आले होते, ते विलायतीच वापरत; त्यांच्याकडे शेवटची बाटली उरली होती. नाताळ तोंडावर. आत्यानं जाऊन सांगितलं, पेवात वाइन तयार आहे. तेव्हा मिशनचे मास्तर मध्ये पडले. प्रार्थना शिकवणारे, आमच्याच धर्माचे, पण वरच्या जातीतून आलेले.

"फादर, वाइन शुद्ध हवी," मास्तर म्हणाले. "आणि ती कुणाच्या हातची, हेही लोक विचारतील."

"लोक कशाला, तुमीच इचारा की, मास्तर," आत्या म्हणाली. "आमच्या हातचं पानी गावाला चाललं न्हाई. देवाला आमच्या हातचं चालतंय का, ते आज बगू. चला पेवावर."

फादर आणि मास्तर दोघेही गेले. आत्यानं झाकण काढलं, कंदील सोडला. तो विझला. मास्तर चार पावलं मागं सरले. आत्यानं घोंगडी दोरीला बांधून वरखाली हलवली, हवा खेळवली, पुन्हा कंदील सोडला. या वेळी तो जळत राहिला. मग ती स्वतः उतरली, तिच्या बापाच्या वाटेनं, आणि बरणी दोराला बांधून वर पाठवली.

नव्या फादरांनी पेल्यात घेतली, उजेडात धरली, चाखली. मग पेवाच्या तोंडाशी वाकले.

"यात साखर आहे?"

"आमाला खायला साखर मिळंना," खालून आवाज आला, "तुमच्या वाइनीत कुठनं घालू?"

फादर मास्तरांकडे वळले. "नाताळला हीच," म्हणाले. "आणि बरणी वेदीपर्यंत बाई स्वतः आणतील."

युद्ध संपल्यावर जर्मन फादरांना मायदेशी धाडायचं ठरलं. जाण्याआधी ते एका दुपारी कोल्हारला आले, वाळून काडी झालेले. मळा उभा बघून आधी वेलीला हात लावला, मग माणसांना. आत्यानं बरणी काढली. एक घोट घेऊन ते म्हणाले, "हे आमच्या घरच्यासारखे नाही."

"न्हाईच," आत्या म्हणाली. "हे आमच्या घरचं हाय."

मग तिनं त्यांच्याच कात्रीनं एक काडी छाटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. "घर सोडून चाललाय न्हवं? मंग ही न्या." फादरांनी ती झग्याच्या खिशात जपून ठेवली.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात कुणी घराण्याचं काम विचारलं की मी खाली मान घालत नसे. आमचं घराणं वाइन करणारं आहे, असं सांगत असे, आणि ते खरं होतं. आत्या गेली त्या दिवशीच्या मिस्सालाही वेदीवर तिच्याच हातची वाइन होती. आता मिशननं तो मळा आणि ते पेव आमच्या नावावर करून दिलं आहे. माझा भाऊ त्यात उतरतो. आधी कंदील जातो, मग तो जातो, आणि जातो तो स्वतःच्या मालासाठी.