अण्णाची फायबरची होडी

१९९४ साल. मला एकोणसाठ पुरी झाली होती. माझा थोरला भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याला घरदार, गल्ली, लॉरीवाले, सगळे अण्णाच म्हणत. त्या वर्षी मी त्याची होडी दुरुस्त केली.

आधी माझं सांगतो. मी तिसरीपर्यंत शिकलो, तीही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतली. त्यामुळं लिहिण्यात चुकलो तर चुकलो. इंजिनात मी चुकत नाही. बेंगळुरात माझं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुसऱ्यांनी हात टेकलेल्या गाड्या लोक ढकलत माझ्याकडं आणायचे. हे मोठेपणासाठी सांगत नाही. होतं ते सांगतो.

अण्णा लॉरी चालवायचा. मंगळूरहून बर्फातली मासळी घेऊन घाट चढायचा. एकदा मासळीबरोबर लॉरीच्या टपावर एक जुनी फायबरची होडी बांधून आला, तिच्या मोटारीसकट. घर बेंगळुराजवळ होसकोट्यात, समुद्र घाटाच्या पार खाली, आणि ह्यानं होडी आणली. वैनी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "आता जहाज तेवढं राहिलं." अण्णा हसला. गावाबाहेर मोठं तळं आहे. तिथल्या मासळीचा ठेका ज्याच्याकडं होता त्याला धरून अण्णानं रविवारी जाळं टाकायची परवानगी मिळवली.

तळ्याच्या मधे एक मोठा काळा खडक आहे. हत्ती बसल्यासारखा दिसतो म्हणून तिथले लोक त्याला आने बंडे म्हणतात. त्याच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात. अण्णा होडी तिथं लावायचा, काटक्या पेटवून मासा भाजायचा आणि भाकरीबरोबर खायचा. मला दर वेळी म्हणायचा, "एकदा ये रे. तिथं बसलं की बेंगळूर कुठल्या कुठं जातं." मी म्हणायचो, येतो, पुढच्या रविवारी. रविवारी दुकानात गर्दी असायची. लोकांना सुट्टीच्या दिवशीच स्कूटर आठवते.

मग अण्णाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, "चल". चहा पाहिजे तर चल, नको तर चल, राग आला तरी चल. कुठला चल कशाचा, हे वैनींना बरोबर कळायचं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, जपा, पुन्हा असं झालं तर राहणार नाहीत.

होडी घरामागं दोन पावसाळे पालथी पडली होती. एका रविवारी मी गेलो तर अण्णानं डाव्या हातानं माझी बाही धरली आणि परसाकडं ओढत म्हणाला, "चल." हा चल कशाचा ते मला वैनींना विचारावं लागलं नाही. त्याला आने बंडेवर जायचं होतं. आणि मला घेऊन जायचं होतं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, ह्याला तिथं न्यायचं. ह्याच्याच होडीतून, ह्याच्याच मोटारीवर.

होडीची दशा वाईट होती. पोटाला हातभर चीर गेलेली. वरचा रंग खडूसारखा हाताला लागायचा. मोटार अडकवतात ती मागची फळी आतून कुजून ओल्या ब्रेडसारखी झाली होती. मी फळी उपटून काढली आणि फणसाच्या लाकडाची नवी बसवली. चिरेच्या कडा घासायला घेतल्या. फायबर घासलं की काचेची कुसळं उडतात आणि अंगात शिरतात. अंगाला खोबरेल चोपडून बसायचो तरी खाज जायची नाही. वाळत घातलेल्या कपड्यांतही ती कुसळं गेली.

वैनी म्हणाल्या, "भावजी, ही होडी नाही, तुम्ही परसात खाजकुयली पेरलीत."

महादेवपुऱ्याकडं पाण्याच्या फायबरच्या टाक्या बनवणारा एक कारखाना होता. तिथून काचेची चटई आणि तिला चिकटवायचं औषध आणलं. ते दोन औषधं मिसळून करतात. एक पातळ मधासारखं आणि दुसरं ते घट्ट करणारं. कारखान्यातला माणूस म्हणाला होता, घट्ट करणारं स्वल्प घाला. डिसेंबरातली थंडी, औषध वाळेना. मी माझ्या अंदाजानं जास्त ओतलं. मिश्रण तापलं, धूर सोडायला लागलं आणि ज्या मगात केलं होतं तो मग वितळून खाली बसला. तो मग वैनींचा अंघोळीचा होता. अण्णा दारातल्या खुर्चीवर बसून बघत होता. त्याचं अर्धं तोंड हसलं. झटक्यानंतर तो पहिल्यांदा हसला तो तेव्हा.

चीर मात्र मी अशी बुजवली की पाण्याचा थेंब आत येणार नाही. होडी निळी रंगवली. पेट्रोलची सुटी पत्र्याची टाकी गंजली होती. तीही घासली आणि लाल रंगवली, झाकणापासून तळापर्यंत, दोन हात देऊन. नव्यासारखी दिसायला लागली.

मोटार आपल्या स्कूटरसारखीच, टू-स्ट्रोक. पेट्रोलात ऑइल मिसळायचं, दोरी ओढायची. कार्बोरेटर चिकटून गेला होता, पॉइंटवर गंज. सगळं खोलून रॉकेलमध्ये धुतलं. मोटारीचं शेपूट पाण्याच्या ड्रममध्ये बुडवलं, कारण ही मोटार वाऱ्यावर नाही, पाण्यावर गार होते. आम्हा स्कूटरवाल्यांची एक रीत आहे. इंजिन तपासताना टाकी जोडत नाही. दवाखान्यातली सलाईनची बाटली बूड कापून उंच टांगतो आणि तिच्या नळीनं इंजिनाला पेट्रोल पाजतो. तशी बाटली पेरूच्या फांदीला टांगली आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला मोटार बोलली. ड्रममधलं पाणी परसभर उडालं. शेजारपाजारचे कुंपणावरून बघायला आले. अण्णा डाव्या हातानं मांडी थापटत होता. "चल, चल, चल."

पुढच्या रविवारी होडी तळ्यावर नेली. वैनींनी होडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. तळ्यावरचा राखणदार कन्नड म्हातारा होता, अण्णाचा जुना दोस्त. त्यानं आणि मी अण्णाला उचलून होडीत ठेवलं. मधे एक वेताची खुर्ची मी आधीच बांधून ठेवली होती. मोटार सुरू झाली आणि आम्ही निघालो. अण्णाचं तोंड खडकाकडं होतं.

काठ मागं पडला, पाणकावळे एकेक दिसायला लागले, आणि मोटार खोकली. खोकली आणि बंद पडली. मी दोरी ओढली. पुन्हा ओढली. प्लग काढून बघितला, कोरडा होता, पुसून लावला. अण्णा डाव्या हातानं पेट्रोलच्या टाकीवर थापटायला लागला.

"भरलीय, अण्णा."

तो थापटतच राहिला.

"अरे भरलीय. हे बघ." म्हणून मी झाकण फिरवून उघडलं. सूं करून आवाज आला. मला वाटलं, उन्हानं पेट्रोलची वाफ धरली असेल. वाकून टाकी त्याला दाखवली. तो गप्प झाला. म्हणाला, "चल." मी झाकण गच्च पिळून लावलं. त्याबरोबर त्यानं माझ्या मनगटावर चापट मारली. मला वाटलं, चिडलाय. आजारी माणूस चिडतो.

दोरी ओढली तर मोटार सुरू. आता सांगा, अशा मोटारीवर कोण भरवसा ठेवील? सोबत अर्धं अंग गेलेला माणूस. मी तोंड काठाकडं वळवलं. अण्णाची मान मात्र खडकाकडंच राहिली, जितकी वळेल तितकी. काठ आला न आला तोच मोटार पुन्हा बंद पडली. शेवटचं अंतर मी वल्हं मारलं.

राखणदार पाण्यात उतरून होडी धरत म्हणाला, "यजमानरे, आवाज तर लग्नातल्या बँडचा आहे. वरात कुठं गेली?"

घरी नेऊन बाटली लावून तपासली. मोटार घड्याळासारखी चालली. तळ्यावर नेली, बंद पडली. असं कितीतरी रविवार चाललं. मी जेट बदलला. पॉइंट बदलले. कॉइल दुसरी घातली. टाकीपासून मोटारीपर्यंतच्या नळीत एक रबरी फुगा असतो, तो दाबून पेट्रोल पुढं ढकलायचं. मोटार बंद पडली की तो फुगा चपटा झालेला दिसायचा. मी म्हटलं, रबर म्हातारं झालं, आणि नवा घातला. टाकी धुतली, गाळणी धुतली. टाकी धुताना झाकण काढून बाजूला ठेवायचो.

आणि दर वेळी पाण्यावर तेच. अण्णा टाकी थापटायचा, मी उघडून दाखवायचो, सूं व्हायचं, मी झाकण पिळायचो, तो हातावर मारायचा. मोटार सुरू झाली की मी माघारी फिरायचो.

वैनी म्हणाल्या, "भावजी, दुकानातल्या गाड्यांचं तरी असंच नाही ना होत?"

राखणदार म्हणाला, "वल्हं मारा. मी येतो बरोबर. वल्हं कधी बंद पडत नाही."

मी नाही म्हटलं. अण्णा लॉरीवाला माणूस. उभ्या जन्मात त्यानं इंजिन सोडून कशावर भरवसा ठेवला नाही. त्याला वल्हं मारत ओढत न्यायचं आणि मागं मोटार नुसती लोंबत ठेवायची, हे माझ्यानं झालं नसतं. मी स्वतः मेकॅनिक. आजही कुणी विचारलं तर सांगेन की तेव्हा माझं बरोबर होतं. मग गप्प बसेन.

शेवटच्या रविवारी अण्णानं टाकीवर मूठ आपटली. इतकी की तळ्यावर आवाज घुमला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, "रडू नको, पुढच्या रविवारी नवा कार्बोरेटर आणतो." तो म्हणाला, "चल." तसा चल त्यानं आधी कधी म्हटला नव्हता. म्हणजे काय ते मला समजलं नाही.

पुढचा रविवार आला नाही. गुरुवारी सकाळी चहाचा पेला वैनी पुढं करत होत्या, आणि तो गेला.

तेराव्याला पाहुणे जेवून गेले. संध्याकाळी वैनी आणि मी दोघंच पडवीत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "भावजी, ती टाकी तेवढी तुमच्या दुकानात घेऊन जा. मला नाही बघवत." आत जाऊन त्यांनी ती स्वतःच उचलून आणली. ठेवताना सवयीनं वास घेतला.

"वास येत नाही आता," त्या म्हणाल्या. "बंद केलेली दिसते."

"काय बंद?"

"हे की. झाकणावरची ही घुंडी." त्यांनी बोट ठेवलं. झाकणाच्या मधोमध वाटाण्याएवढी एक घुंडी होती. माझ्या लाल रंगाखाली ती झाकणाशी एकजीव झालेली. "मी ओरडायची ना, घरात पेट्रोलचा वास मारतो म्हणून. मग तळ्यावरनं आले की हिला पक्कडीनं पिळून ठेवायचे. आणि तळ्यावर गेले की आधी ही सैल करायची. मोटारीचा जीव कोंडतो नाहीतर, म्हणायचे. आत वारा गेला पाहिजे."

मी घुंडीकडं बघत राहिलो. स्कूटरच्या झाकणाला वाऱ्याचं भोक कायमचंच असतं. ते उघडायचं नसतं, बंद करायचं नसतं. उभ्या जन्मात मला त्याचा विचार करावा लागला नव्हता.

वारा आत गेला नाही की पेट्रोल बाहेर येत नाही, आणि ते सूं आत ओढल्या जाणाऱ्या वाऱ्याचं होतं. अण्णा थापटायचा ते भोक उघड म्हणून. मी झाकण उघडलं की तो शांत व्हायचा, आणि पिळलं की मारायचा.

"काय झालं, भावजी?"

"काही नाही."

"चहा टाकू स्वल्प?"

"टाका."

मी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार? त्यांनी वासाची तक्रार केली होती म्हणून ती घुंडी बंद होती, हे त्यांना कशाला कळायला पाहिजे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटार आणि भरलेली टाकी तळ्यावर नेली. राखणदार झोपडीसमोर दात घासत होता. चाकूनं घुंडीवरचा रंग खरवडला, पक्कडीत धरून फिरवली. आत वारा गेल्याचा आवाज आला. होडीतली वेताची खुर्ची सोडायला माझा हात धजला नाही, ती तशीच राहू दिली. दोरी ओढली.

मोटार खोकायची ती जागा आली. मी वाट बघत होतो. मला वाटत होतं, आत्ता बंद पडेल. पडू दे. पडली तर कारण दुसरंच काहीतरी असेल, मला न सापडणारं, कुणालाच न सापडणारं. मी तिला तोंडानं सांगत होतो, पड, बंद पड.

ती पडली नाही. पाणकावळे उडाले. खडक जवळ आला, हाताला लागेल इतका. त्यावर एका खोबणीत विझलेल्या काटक्या आणि काळं पडलेलं पत्र्याचं झाकण होतं, अण्णाच्या चुलीचं. मी उतरलो नाही. खडकाला वळसा घातला, पुन्हा घातला, पेट्रोल संपेपर्यंत घालत राहिलो. मग मोटार थांबली. टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. रिकामी होती. मी वल्हं उचललं आणि काठाकडं मारायला लागलो.