दोन ब्रेकांचा ट्रॅक्टर

दशरथने तेहतीस वर्षं बस चालवली. बोरिवलीच्या बाजारातून, रिक्षा आणि केळ्यांच्या हातगाड्यांच्या मधून, तो ती अशी अलगद काढायचा की मागच्या बाकावर पेंगणाऱ्याची मान हलायची नाही. नुसता धूर बघून इंजिनाची तब्येत सांगायचा. त्यामुळे गावाला, संगमेश्वराकडे, एक गोष्ट ठरूनच गेली होती. चाकावरचं काहीही घ्यायचं, तर दशरथदादाला विचारायचं. मग तो कुणाचा टेम्पो असो की जावयाची मोटार. आणि दादा एकदा हो म्हणाला की पुन्हा दुसऱ्या कुणाचं मत घ्यायचं नाही, ते त्याचा अपमान केल्यासारखं.

धाकटा भाऊ राजाराम याला मिरगाच्या आत जुना ट्रॅक्टर हवा होता. भाड्याचा ट्रॅक्टर दरवर्षी सगळ्या गावाची नांगरणी उरकून मग त्याच्याकडे यायचा, तोवर अर्धा हंगाम सरलेला. त्यात त्याची शेती म्हणजे डोंगरउतारावरचे कुणगे, ओट्याएवढे भाताचे तुकडे, कुणी मनावर घेत नाही. दशरथला कुठूनसं कळलं की खाडीपलीकडे गोराईला इनास नावाचे एक म्हातारे शेतकरी आपले दोन जुने ट्रॅक्टर विकायला काढतायत, एक लाल, एक निळा. तो होडीने गेला.

आता खरं सांगायचं तर दशरथ जन्मात कधी ट्रॅक्टरवर बसला नव्हता. पण हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची त्याला सवय नव्हती.

धूर दोघांचा सारखाच होता. आवाजही सारखा. मग तो लाल ट्रॅक्टरवर बसला. पायाशी बघतो तर डावीकडे क्लच, उजवीकडे शेजारी शेजारी दोन पेडलं. बसच्या हिशेबाने त्याने धरलं, आतला ब्रेक आणि बाहेरचा ॲक्सिलरेटर. इनासबाबा काही सांगू लागले, तर याने हात दाखवून त्यांना थांबवलं. शेताच्या कडेला वळताना आतला ब्रेक दाबला, आणि ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी डावीकडे गर्रकन फिरून वांग्याच्या वाफ्यात शिरला. दशरथ खाली उतरला तेव्हा चपलेला वांग्याचं झाड अडकलेलं होतं. ब्रेक एकतर्फी आहेत, असं त्याने इनासबाबांना ऐकवलं. ते वांग्यांकडे बघत राहिले.

निळ्याची दोन्ही पेडलं मधे पट्टी वेल्ड करून एक केलेली होती. दाबली की ट्रॅक्टर सरळ उभा. दशरथला बरं वाटलं. दोन-चार फोटो काढले आणि घरी पोचायच्या आधीच राजारामला कळवून टाकलं, लालचे ब्रेक एकतर्फी आहेत, निळा घे.

संध्याकाळी राजारामच्या मुलीचा, श्रुतिकाचा फोन आला. ही शेजारच्या वाडीतल्या बायकांच्या गटाचा ट्रॅक्टर दोन वर्षं चालवत होती, आणि घरचाही तीच चालवणार होती. तिने फोटो बघितले होते.

"काका, लाल बिघडलेला नाही. तुम्ही एकच ब्रेक दाबलात."

"एकच म्हणजे? गाडीला किती असतात?"

"ट्रॅक्टरला दोन. डावा डाव्या चाकाचा, उजवा उजव्या चाकाचा. रस्त्यावर खिटी लावून जोडायचे, शेतात सोडायचे."

"अगं, पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला हवी. फिरते कशाला?"

"फिरण्यासाठीच तर असतो तो. आपल्या कुणग्यात नाहीतर वळणार कशी?"

दशरथचं डोकं चालेना. म्हणजे जो बिघडलेला, तो चांगला, आणि जो चांगला, तो कुणग्यात वळणार नाही? मग निळ्याची पट्टी कापून घेतली तर? श्रुतिका म्हणाली, तेही होईल, पण पट्टी मुळात का मारली ते बघायला हवं, एका बाजूचा ब्रेक गेला असेल. आणि लालची मागची लिफ्ट नांगर उचलून धरते का, ते बघितलं का? दशरथला लिफ्ट म्हणजे बिल्डिंगची ठाऊक. त्याने फोन बायकोकडे, नलिनीकडे दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

नलिनीने आत बोलून घेतलं आणि बाहेर आली. "पोरगी म्हणते तिचे बाबा ऐकत नाहीत. दादाने निळा म्हटलाय म्हणजे निळा. वाडीभर सांगूनही झालंय."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारता? मी तर सायकलवरपण बसले नाही. पण तुम्ही ट्रॅक्टरवर किती वर्षं होता, तेवढं भावाला सांगून टाका."

दशरथने तीनदा नंबर लावला आणि तीनदा कापला. चौथ्यांदा राजारामने उचलला.

"राजा, मला ट्रॅक्टरातलं काय कळत नाही रे," तो म्हणाला. "निळा घे म्हटलं ते बसच्या अकलेने."

राजारामला वाटलं दादाची तब्येत बिघडली. त्याने वहिनीला फोन द्यायला लावला, जेवणखाण, बीपीच्या गोळ्या सगळं विचारलं, आणि मगच श्रुतिकाला पाठवायला कबूल झाला.

ती रविवारी आली. इनासबाबांनी दशरथला वाफ्यापासून लांब, बांधावर बसवलं. श्रुतिकाने निळ्याच्या चाकाखाली वाकून बघितलं, उठली आणि एका बाजूचा ब्रेक गेलाच आहे म्हणाली. मग लालच्या मागच्या दांड्यांना नांगर लावला, वर उचलला, इंजिन बंद केलं आणि त्याच्यासमोर पंधरा मिनिटं नुसती बसून राहिली. दशरथला कळेना, ही वाट कसली बघते. नांगर चार बोटं खाली आला. "एवढं चालेल, लिफ्टचं सील बदलू," ती म्हणाली, आणि लाल ट्रॅक्टर सुरू करून एका कोपऱ्यात असा जागच्या जागी फिरवला की इनासबाबा स्वतःशीच हसले.

तेवढ्यात दशरथचा फोन वाजला. राजाराम. पोरगी समोर असताना त्याने पुन्हा दादालाच विचारलं, कुठला?

"लाल," दशरथ म्हणाला. "पण का ते मला विचारू नको. मी बघितलं सगळं, आणि मला अजून समजलेलं नाही. थांब, तिलाच देतो."