मांडवातून परतवलेला मामा

आमच्या नात्यात अजून बोलतात की माझ्या थोरल्या मुलीला नोकरीचा माज होता, म्हणून ती अमेरिकेतला नवरा सोडून आली. बोलणारे त्या दिवशी आमच्याच मांडवात जेवून गेले आहेत. त्यांच्यासाठीच हे लिहितो.

तो नवरा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, मुलीचा सख्खा मामा. आमच्याकडे मामाला मुलगी देतात, त्यात नवल नाही. परक्या घरचा असता तर मी चार ठिकाणी चौकशी केली असती. हा माझ्या घरी जेवून मोठा झालेला. याला काय विचारायचं? मुलगी हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. ती नोकरी सोडून त्याच्यामागे गेली.

नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तिकडे काम करता येत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. नवऱ्याने कायम राहण्याचा अर्ज करताना तिलाही त्यात घेतलं, तरच तिला कामाचा परवाना मिळतो. त्या अर्जासाठी त्याचा नंबर लागला होता. तो मात्र तिचे कागद अडवून बसला. फोनवर विचारलं की हसायचा. "दाजी, तिला काय कमी हाय हितं? कामून घाई करायलाव?"

मुलगी रडायची. मी म्हणायचो, घरातलाच माणूस आहे, दमानं घे. वर्षानुवर्षं हेच म्हणालो.

धाकटीचं लग्न आमच्या गावी, संतपुरात निघालं तेव्हा दोघं आली. हळदीच्या दिवशी थोरली मला गोठ्यामागे घेऊन गेली.

"अप्पा, परत गेल्यावर माझ्या कागदावर सही करतो म्हणालाय. तवर त्याला काय बोलू नका. माझी आण हाय."

"व्हय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो फेटा बांधून पाहुण्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता. चिंताकी गावच्या एका सोयऱ्याने विचारलं, "बायको काय करती तिकडं?"

"भांडी घासती, अन् माझ्या नावावर जगती. कागद माझ्या हातात हाय तवर गुमान ऱ्हाती."

सगळे हसले. थोरली पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होती.

तेवढ्यात भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." नवरीला मामाने मांडवात आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही रीत. तो उठला. मी आडवा गेलो आणि त्याच्या डोक्यावरचा फेटा उचलला.

"एकीच्या पाठीशी उभं ऱ्हाता आलं न्हाई तुला. दुसरीच्या मागं कशाला? बस खाली."

"दाजी, लोकं बघायलेत."

"बघू देत. म्हणून तर करायलोय."

"अवं, माझा भाऊ हाय त्यो!" बायको मध्ये पडली. तिचंही ऐकलं नाही. फेटा तिच्या चुलतभावाला घातला आणि त्याने नवरीला आणलं. हा उघड्या डोक्याने मांडवाच्या खांबापाशी उभा राहिला. तो उतरलेला चेहरा मला अजून दिसतो, आणि बघायला अजून बरं वाटतं. खोटं कशाला लिहू?

त्याच दुपारी बीदरला जाऊन त्याने हैदराबादची बस धरली. थोरलीला नेलं नाही. पुढे अर्ज केला तो एकट्याचाच. म्हणजे तिने नवरा सोडला नाही. त्याने तिला टाकलं, आणि त्याला निमित्त मी दिलं.

आता ती पुन्हा हैदराबादला नोकरी करते, तिच्यापेक्षा वयाने लहान असलेल्या साहेबांच्या हाताखाली. एकदा मी जरा फुशारकीनेच त्या मांडवाची गोष्ट काढली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अप्पा, तुम्ही तुमचा बदला घेतलात. माझा ऱ्हायला."

म्हणून हे लिहिलं. याच्या प्रती काढून तिच्या मामाकडच्या प्रत्येक घरी मी स्वतः नेऊन देणार आहे. पण पहिली प्रत तिला पाठवतो. तिने द्या म्हटलं तरच बाकीच्या वाटेन. या वेळी तिला विचारतो.